पाखरांना चप्पल ठाऊक नव्हती

फार फार पूर्वी, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही दात यायचे होते तेव्हा, एक राज्य होतं. तिथली माणसं तुमच्याआमच्यासारखीच. कुणाच्याही दारात गेली की चपला बाहेर काढायची आणि निघताना दुसऱ्याच्या घालून यायची. हसू नका. मागच्या लग्नातून तुम्ही काय घालून आलात ते आधी बघा.

त्या राज्यात एक मुलगी होती. आरशापाशी उगाच रेंगाळावंसं वाटतं, त्या वयाची. आई लहानपणीच गेली होती. सावत्र आई काही राक्षसीण नव्हती; फक्त घरातली प्रत्येक वस्तू तिची होती आणि प्रत्येक काम मुलीचं.

एकदा राजानं गावातल्या सगळ्या पोरापोरींना बागेत जेवायला बोलावलं. राजपुत्र मोठा होत होता, पण माणसांत मिसळत नव्हता, म्हणून ही खटपट. मुलीला जायचं होतं. अंगावर घालायला मात्र धड कपडा नव्हता. ती विहिरीवर जाऊन रडत बसली.

विहिरीवरच्या बाभळीला सुगरण पाखरांची घरटी लोंबत होती. त्यातलं एक म्हातारं पाखरू म्हणालं, "रडतेस काय, पोरी? उभी राहा सरळ."

पुढचं सांगताना माझ्यासारख्या बडबड्याची जीभही जड होते. अख्खं झाड उडाल्यासारखी पाखरं खाली आली. प्रत्येकाच्या चोचीत गवताचं एकेक ओलं पातं. ती तिच्याभोवती फिरत राहिली, विणत राहिली, आणि गवताचा परकर तिच्या घोट्यांपर्यंत झुळझुळत उतरला. पोलक्याच्या बाह्यांवर पिवळी रानफुलं. कुठं गाठ दिसेल तर शपथ. विहिरीतलं पाणीसुद्धा हलायचं विसरलं.

"ओलं आहे तोवर वस्त्र," पाखरू म्हणालं. "ऊन उतरलं की नुसतं गवत. त्याआधी घर गाठ."

पण पाखरंच ती. माणसं पायात काही घालतात हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. सावत्र आई दुपारची घोरत होती. मुलीनं दारातल्या तिच्या कोऱ्या चपला हळूच पायात सरकवल्या आणि निघाली.

राजवाड्याच्या पायरीशी चपलांचा हा ढीग. तिनं आपल्या तिथंच काढल्या.

बागेत झोपाळा होता. राजपुत्र इतका लाजरा, की मुलगी दिसली की त्याची नजर स्वतःच्या अंगठ्यावर. कुणाच्या समोर जायला नको म्हणून तो झोपाळ्यामागं उभा राहून झोके देत होता. मुलगी येऊन झोपाळ्यावर बसली. तिला काय ठाऊक हा कोण. ती म्हणाली, "अरे, जेवलायस ना? मग जोर लाव की."

आजवर त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. त्यानं जोर लावला. झोका वर गेला, आणखी वर गेला, जांभळाच्या शेंड्यापार गेला. खालच्यांचे लाडू हातातच राहिले. हिरवं काहीतरी आभाळात जात होतं आणि हसत खाली येत होतं. माळी म्हणाला, झाडालाच पंख फुटले.

ऊन उतरू लागलं. परकराच्या काठाची पाती सुकलेली दिसताच मुलीनं उडी मारली आणि पळत सुटली. ढिगात उजवी चप्पल मिळाली, डावी काही सापडेना. एकीवरच पळाली, आणि घरी येताच ती उजवी गुपचूप दारात ठेवली.

सगळे गेले तेव्हा पायरीशी एक डावी चप्पल उरली होती. तिला एकाच चपलेवर पळताना मागून पाहिलेल्या राजपुत्रानं ती उचलली आणि त्याचं जेवणावरचं मन उडालं. प्रधानानं डोकं खाजवलं आणि राजाकडून दवंडी पिटवून घेतली: जिच्या पायात ही बसेल, ती राजपुत्राची सखी, तिला पालखीतून आणा.

पालखी दारोदार हिंडत मुलीच्या दारी आली, चप्पल घेऊन राजपुत्रही सोबत. सावत्र आई आपल्या हरवलेल्या चपलेसाठी रोज कुत्र्याला शिव्या घालत होती, आणि कुणी माणसानं नेली असेल तर त्याला घरात थारा नाही असंही बजावत होती. तिनं ती चप्पल पाहिली, आतून जोडीची आणली, पायात घातली. चपखल. दवंडीवाल्यानं ढोल बडवला. तिचा नवरा, म्हणजे मुलीचा बाप, हळूच म्हणाला, "मग माझ्या भाकरीचं काय?" तोवर बाई पालखीत बसलीसुद्धा.

दाराआड मुलगी शेणानं भरलेल्या हातांनी उभी होती. बोलावं, तर गावासमोर चोर ठरून घराबाहेर. गप्प राहावं, तर पालखी चालली.

भोयांनी दांडी खांद्यावर घेतली, तेवढ्यात राजपुत्र म्हणाला, "थांबा."

त्याची नजर अजून अंगठ्यावरच होती. "त्या दिवशी मी तिचा चेहराच पाहिला नाही. लाज वाटली. चप्पल घेऊन हिंडलो, कारण माणसाकडे बघायची हिंमत नव्हती. ती इथं असेल तर तिनं मला हवं ते बोलावं. पण बोलावं."

राजाचा मुलगा असं चारचौघांत बोलतो हे गावानं कधी ऐकलं नव्हतं.

मुलगी उंबरठ्याबाहेर आली. "चप्पल आईचीच आहे. मी न विचारता नेली होती. झोक्यावर मी होते."

राजपुत्रानं मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

इथं मी एक थट्टा करणार होतो. राहू दे. कुणी न सांगता भोयांनी पालखी खाली ठेवली. भांडखोर म्हाताऱ्यांनी पागोटी काढून हातात घेतली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. देवळात दिवा लागताना वाटतं ना, तसं भर अंगणात सगळ्यांना वाटलं.

सावत्र आई पालखीतून उतरली. "मागितली असतीस तर..." ती चपला काढत म्हणाली. "दिली नसतीच म्हणा." आणि त्या घरात कधी ऐकलं नव्हतं असं हसली. मुलीला हाकलायचं राहूनच गेलं.

लग्न कधी, असं विचारणाऱ्या काकू, धीर धरा. दोघांना अजून अक्कलदाढा यायच्या होत्या. राजपुत्र पायी विहिरीवर येऊ लागला आणि दोघं समोरासमोर बसून बोलू लागली. लग्न पुढं कितीतरी वर्षांनी झालं, दोघांच्या मर्जीनं. राजानं दवंडी मागं घेतली, आणि माप घेऊन माणूस शोधायची रीत त्या राज्यातून कायमची गेली.

बोध एवढाच: माणूस हवा असेल तर त्याच्या वस्तू कवटाळत फिरू नये, त्याच्यासमोर मान वर करून खरं बोलावं.