या, जेवायला

एका राज्यात भाकरी होती, पण तृप्ती नव्हती. शेतं पिकत, जाती फिरत, चुली पेटत. माणसं जेवायला बसत, आणि उठत ती बसली तेव्हा होती तितकीच उपाशी. हे कधीपासून, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या दिवशी राजा भरल्या पंगतीतून नाहीसा झाला, त्या दिवसापासून. हे का, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. सिंहासन रिकामं होतं. प्रधान त्यावर रोज ताजी फुलं ठेवी आणि सुस्कारा टाकी.

पोट भरेना तशी माणसं बदलली. दार लावून जेवू लागली, भिंतीकडे तोंड करून जेवू लागली. वाटेनं कोणी येताना दिसला की ताटावर पदर ओढू लागली.

त्या राज्यात डोंगरापलीकडून एक मुलगी आली. तिचं नाव शेवरी. तिचं गाव नदीनं पोटात घेतलं होतं आणि तिच्याजवळ एक बोचकं तेवढं उरलं होतं. शेवरी जात्याच भित्री. कोंबडा आरवला तरी दचके. वळणावर स्वतःची सावली भेटली तर बाजूला सरून तिला वाट देई.

चालता चालता ती एका लहानशा शेतापाशी आली. जोंधळ्याचा एक तुकडा, एक विहीर, एक कपिला गाय, आणि नवरा-बायको दोघं. नवऱ्याचं नाव खेमा, बायकोचं धुरपा.

"मावशी, मला काम द्या," शेवरी म्हणाली.

"शेतातलं काय येतं?"

"काही येत नाही. शिकेन."

धुरपानं तिला वरून खाली न्याहाळलं. "काम आहे. पोट भरेल असं सांगत नाही, इथं कोणाचंच भरत नाही. गाईची धार काढायची, पाण्याची दारं धरायची, पाखरं राखायची. तीन कामं. ती जमली तर खळं होईल तेव्हा तू या घरची."

तेवढ्यात विहिरीत पोहरा पडला, धप्प आवाज झाला, आणि शेवरी बोचक्यासकट उडाली.

खेमा हसला. "अगं, ही पाखरं राखणार, का पाखरं हिला राखणार?"

शेताच्या मधोमध कोणी उभं होतं. शेवरीनं लगबगीनं पदर सावरला. "राम राम, काका."

"ते बुजगावणं आहे, पोरी," खेमा म्हणाला.

खरंच बुजगावणं होतं. डोक्याच्या जागी मडकं, आणि अंगरखा फाटका. पण त्या चिंध्यांना कधीकाळची जरीची किनार होती. "मी रोवलेलं नाही ते," खेमा म्हणाला. "एका सकाळी येऊन बघतो तर उभं. उपटायला गेलो, निघेना. म्हटलं, राहू दे. पाखरं त्याला भीत नाहीत ती गोष्ट वेगळी."

पहिलं काम गाईचं. कपिलेनं शेपूट हलवलं, शेवरी दचकली. शेवरी दचकली म्हणून कपिला बिथरली. चरवी पालथी झाली. मग शेवरी तिच्या मानेला टेकून नुसती उभी राहिली. दोघींची छाती धडधडत होती. दोघींना एकमेकींची कीव आली, आणि धार लागली.

दुपारी बांधावर भाकरी सोडली. धुरपा आणि खेमा शेताकडे पाठ करून बसले. शेवरीला कसं बसायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. ती शेताकडे तोंड करून बसली. घास मोडणार तोच डोळ्यासमोर कोणी उभं दिसलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "या, जेवायला."

धुरपाचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"आमच्याकडे म्हणतात, मावशी. खाताना समोर माणूस दिसला की."

"ते माणूस नाही. आणि इथं तसं म्हणत नाहीत. खा आता."

शेवरी खाईना. "आमच्याकडे एकदा 'या' म्हटलं की समोरचा 'चालू द्या' म्हणेपर्यंत घास मोडत नाहीत."

"ते मडकं म्हणणार तुला 'चालू द्या'?"

शेवरी मान खाली घालून बसली. भाकरी हातातच राहिली. उठताना तिनं ती बुजगावण्याच्या पायाशी ठेवली आणि उपाशीच कामाला लागली. तसंही, खाऊन काय आणि न खाऊन काय, त्या राज्यात फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुसरं काम, पाण्याचं. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात घालायचं, खोऱ्यानं एक दार मोडायचं, एक बांधायचं. शेवरी दार मोडायला वाकली तशी वाफ्यातून एक टिटवी ओरडली, "थांब. माझी अंडी आहेत."

शेवरीच्या हातून खोरं पडलं. "तू बोलतेस?"

"बोलते. पाणी वळव."

शेवरीनं घाईघाईनं पाणी वळवलं, आणि ते सगळं खेमाच्या तंबाखूच्या डबीवरून गेलं. अंडी कोरडी राहिली, वाफेही भिजले. खेमानं ओली डबी हलवून पाहिली. "दारं धरली खरी, पण आमचं व्यसन बुडवलंस, बाई."

दुपारी शेवरीनं जपून बसायचं ठरवलं होतं. पण वारा आला, जोंधळा बाजूला झाला, बुजगावणं उभं दिसलं, आणि मनात येण्याआधी ओठांवर आलं, "या, जेवायला." वारा पडला. तरीही बुजगावण्याची एक बाही हलली. ते फक्त टिटवीनं पाहिलं.

धुरपा उठून उभी राहिली. "तुला सांगते, ऐक. माझा पाठचा भाऊ इथं आला होता. मीच 'ये' म्हटलं होतं. घरात होतं नव्हतं ते त्याला वाढलं. तो उपाशी उठला. त्याला वाटलं, बहिणीनं हात राखून वाढलं. तसं बोलून गेला, तो पुन्हा आला नाही. तेव्हा तो शब्द माझ्या शेतात नको. आणखी एकदा म्हणालीस तर बोचकं उचलायचं. मग कामं जमोत का न जमोत."

"नाही म्हणणार, मावशी," शेवरी म्हणाली. त्या दिवशीही तिची भाकरी बुजगावण्याच्या पायाशी गेली.

तिसऱ्या दिवशी तिसरं काम, पाखरांचं. कणसं दाण्यावर आली होती. शेवरी गोफण घेऊन मचाणावर चढली. गोफण फिरवली ती तिच्याच कानाशी सणाणली, आणि दगड मागे गेला. तोच आभाळ काळं करीत पाखरांचा थवा आला. इतकी पाखरं एकदम पाहून शेवरी जी किंचाळली, ती तीन शिवारं ऐकू गेली. थवा हवेतच वळला आणि परत म्हणून आला नाही.

खेमानं गोफण गुंडाळून ठेवली. "ही हवी कशाला आता? आपल्याकडे तोफ आहे."

तिन्ही कामं झाली होती. राहिली होती दुपारची भाकरी. धुरपानं तिच्या हातावर भाकरी ठेवली, वर कांदा ठेवला, आणि तिचे खांदे धरून तिला पाठमोरी बसवली. तिलाही पोरगी हवी होती.

शेवरीनं घास मोडला. तोंडाजवळ नेला. पाठीमागे जोंधळा सळसळत होता. तिला नदीनं नेलेलं गाव आठवलं. तिथल्या उंबऱ्यावरून अनोळखी माणसालाही हाक जाई. उंबरे बुडाले होते. हाक तेवढी तिच्यापाशी उरली होती.

टिटवी बांधावर येऊन बसली. "का जेवत नाहीस?"

"पाठीमागे कोणी उभं असलं की घास उतरत नाही."

"ते बुजगावणं आहे."

"माहीत आहे."

शेवरीनं घास खाली ठेवला. बोचकं ओढून मांडीवर घेतलं. "मावशी, मी जाते. रागावू नका. तुम्ही मला सगळं दिलंत." मग ती वळली. या खेपेला ती दचकलेली नव्हती. तिनं त्या मडक्याकडे नीट पाहिलं आणि म्हटलं, "या, जेवायला."

धुरपानं डोळे मिटले. शेवरी हातात भाकरी घेऊन थांबली.

मग वाळल्या कडब्यासारखा एक आवाज आला. "चालू द्या."

मडकं तडकलं. आत माणसाचा चेहरा होता. चिंध्यांत हात भरले, पाय जमिनीतून सुटले. खेमानं पागोटं काढलं. पंगतीतून नाहीसा झालेला राजा त्याच्या जोंधळ्यात उभा होता.

"कोणाच्या शापानं, महाराज?" खेमानं विचारलं.

"माझ्याच करणीनं," राजा म्हणाला. "मी जेवत होतो. दारात एक जोगी उभा राहिला. मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून ताटात मान घातली. तो म्हणाला, तुझ्या राज्यात भाकरी असेल, तृप्ती नसेल. तू जेवणाऱ्यांपुढं उभा राहशील. तुला तीनदा कोणी 'या' म्हणेल आणि तुझ्यासाठी घास थांबवेल, तेव्हा सुटशील. पण उपाशी माणसं कोणाला बोलावतात? शापानं आपलं कुलूप आपणच लावून घेतलं होतं. किल्ली डोंगरापलीकडे राहिली."

"महाराज," शेवरी हळूच म्हणाली, "बसा आता. भाकरी वाळते आहे."

राजा बांधावर बसला. एका भाकरीचे चार भाग झाले, एक कांदा चौघांत फुटला. एवढंसं ते अन्न. पण घास पोटात गेला आणि तिथंच राहिला. मग खेमानं ढेकर दिला. त्या राज्यात कित्येक वर्षांत कोणी ढेकर ऐकला नव्हता. शेवरी दचकून बांधावरून खाली पडली.

"माग, मुली," राजा जाताना म्हणाला. "गाव देतो, महाल देतो."

"मला इथं राहायचं आहे. पण ते तुमच्या हातात नाही."

राजानं धुरपाकडे पाहिलं. धुरपानं ते बोचकं उचललं, घरात नेलं आणि खुंटीला लावलं.

राजा सिंहासनावर बसला. प्रधानानं फुलं उचलली. दरबारातून एकच आज्ञा निघाली, जेवताना दार उघडं ठेवावं. टिटवीची पिलं उडाली. टिटवी त्यानंतर कधी बोलली नाही. बोलण्यासारखं काही उरलं नसावं.

खळं झालं. एका दुपारी तिघं बांधावर वाटेकडे तोंड करून बसली होती. वाटेवर एक माणूस दिसला. तो शेताजवळ आला तसा त्याचा पाय रेंगाळला, आणि त्यानं नजर दुसरीकडे वळवली. धुरपाच्या हातातला घास हातात राहिला. शेवरीनं तिच्याकडे पाहिलं, पण ती बोलली नाही. हा शब्द तिनं म्हणायचा नव्हता.

धुरपाला दोनदा खाकरावं लागलं.

"ये रे, जेवायला."

भाऊ जागीच थांबला. रीतीप्रमाणे तो म्हणाला, "चालू दे, आक्का."

धुरपानं हातातला घास तोंडात घातला नाही. ती नुसती थांबली. मग त्यानं बांधापाशी वहाणा काढल्या, आणि शेवरी सरकून बसली, त्याला जागा झाली.

ज्यांच्या दारी हाक आहे त्यांच्या घरी तृप्ती आहे. त्या बांधावर जागा झाली, तशी ऐकणाऱ्यांच्याही पंगतीत होवो.