झिपरीआजीचा सत्कार

माणसाने घाटातलं रान तोडायच्या कितीतरी आधी, तिथल्या वानरांच्या टोळीत झिपरी नावाची म्हातारी होती. गुडघ्यांमुळे तिला उड्या जमत नसत. पण आंब्यावरून ओढ्यापलीकडच्या उंबरावर ती एका जाड वेलीला धरून रोज आपली आपण जायची. कुणापुढे हात पसरायची नाही.

एकदा टोळीने आंब्यावर तिचा सत्कार केला. भाषणं इतकी लांबली की झिपरी पेंगली. शेवटी टोळीच्या म्होरक्याने, हुप्प्याने, तिच्या गळ्यात जाडजूड हार घातला. "म्हातारी मंडळी म्हणजे टोळीचं वैभव! चला आता, उंबरावर पंगत आहे!"

सगळे टणाटण उड्या मारत पलीकडे गेले. झिपरी फांदीच्या टोकाशी येऊन थबकली.

"अरे मेल्यांनो, माझी वेल कुठे आहे?"

"तुझ्याच गळ्यात की, आजी!" हुप्प्या तोंडातलं उंबर सांभाळत अभिमानाने ओरडला. "रानातली सगळ्यात मजबूत वेल तोडून आणली!"

"तोडण्याआधी मला एकदा विचारायचं तरी होतंत रे!" झिपरीने हार काढून ओढ्यात भिरकावला.

"आजीला हार आवडला नाही वाटतं," हुप्प्या बाकीच्यांना म्हणाला. "पुढच्या वर्षी याच्याहून जाड घालू."