आबाशेटची पारख

एका गावात गेनबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. आबाशेट कासारांच्या भांड्यांच्या दुकानात कामाला होता. शेटची मुलगी कौसा. तिला गेनबा आवडायचा आणि गेनबाला कौसा.

आबाशेट म्हणाले, "गेन्या, आधी पारख शीक, मग मुलगी देतो. लोक पितळेच्या मूर्तीत लाख भरून खपवतात. म्हणून वस्तू आधी तोलायची. मग काठोकाठ भरलेल्या पाण्यात बुडवायची. सांडलेलं पाणी तोलायचं. खरं पितळ त्या पाण्याच्या आठपट भरतं. कमी भरलं तर माल खोटा. घ्यायचा नाही."

"बरं, मामा."

दुसऱ्या दिवशी शेट म्हणाले, "बाजारातून गूळ आण. पारखून आण हं."

गेनबाने ढेप तोलली, पाण्यात बुडवली आणि सांडलेलं पाणी सावकाश तोलत बसला. तोवर ढेप गेली विरघळून. घरी आलं बादलीभर गोड पाणी.

"अरे गाढवा! विरघळणारी वस्तू तेलात बुडवावी!"

"बरं, मामा."

मग शेटनी भोपळा आणायला सांगितला. गेनबाला वाटलं, विरघळला म्हणजे? त्याने भोपळा घरातल्या तेलाच्या हंड्यात सोडला. तेल वाहत चुलीपर्यंत गेलं. भोपळा वर अर्धा कोरडाच.

"अरे, भोपळा कधी विरघळतो का? तरंगणारी वस्तू दाबून धरायची, पार देठापर्यंत! आता एक चूक झाली की सोयरीक मोडली, सांगून ठेवतो."

"बरं, मामा."

पुढे शेट मोठ्या दुखण्यातून उठले. देवीला गूळतुलेचा नवस होता. सगळा गाव जमला. एका पारड्यात शेट, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. काटा बरोबर आला. मग लगेच तिथंच गेनबा-कौसाची सुपारी फुटायची होती.

गुरव म्हणाला, "झाली तुला!"

गेनबा मनात म्हणाला, झाली कुठं? पाणी राहिलंच की.

देवळापुढे गुरांची दगडी डोण काठोकाठ भरलेली होती. गेनबाने तिच्याभोवती प्रसादाच्या पराती मांडल्या. शेटना पारड्यातून अलगद उचललं आणि डोणीत ठेवलं.

"अरे मेल्या, काय करतोस!" शेट वर आले.

"मामा, तुम्ही तरंगताय." गेनबाने त्यांना दाबलं. पार शेंडीपर्यंत.

लोकांनी धावत येऊन शेटना बाहेर ओढलं. तोवर गेनबाने परातींतलं पाणी शेटच्या जागी पारड्यात ठेवलं. काटा पुन्हा जवळजवळ बरोबर आला.

"मोडली! सोयरीक मोडली!" शेट कुडकुडत ओरडले.

गेनबाचे डोळे भरून आले. "मोडावीच लागेल, मामा. आठपट राहू द्या, तुम्ही पाण्याच्या दुप्पटही भरला नाहीत. आणि कौसा तुमच्याच साच्यातली. तिला बुडवून बघितल्याशिवाय कशी करून घेऊ?"