आंबलेला मध

“...आणि मध कधी आंबतो का रे?”

मोतीगीर बाबांनी बरणीचं झाकण काढून ती आपल्या शिष्याच्या, यदुनाथच्या, नाकासमोर धरली. मधावर फेस आला होता. आंबूस वास साऱ्या ओसरीवर पसरला.

यदुनाथनं तोंड बाजूला फिरवलं.

“तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? आंबतो का मध?”

“नाही आंबत, बाबा.”

“मग हे काय आहे?”

बाबा आत्ताच टेकडी चढून आले होते. आजारी गुरुबंधूंच्या सेवेला म्हणून ते हिवाळाभर दुसऱ्या मठात राहिले होते. खांद्यावरची झोळीसुद्धा अजून उतरवली नव्हती. देवाला हात जोडायच्या आधी त्यांनी बरणी उघडली होती, आणि त्याला कारण होतं. ओसरीच्या कोपऱ्यात सगुणा पडली होती आणि तिच्या पायाचा वास त्यांना दारातच आला होता.

या मधाची पंचक्रोशीत ख्याती होती. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, तरी चिघळत राहिलेल्या जखमा घेऊन माणसं टेकडी चढत. बाबा उकळून निववलेल्या पाण्यानं जखम धूत, कड्यावरच्या पोळ्यांतला घट्ट मध लावत आणि स्वच्छ फडकं बांधत. पुष्कळ जखमा भरत. ज्यांच्या भरण्यातल्या वाटत नसत, त्यांना बाबा त्याच दिवशी खाली तालुक्याच्या दवाखान्यात धाडत. याचा यदुनाथला भारी राग यायचा.

जाताना बाबा बरणी त्याच्या हाती देऊन म्हणाले होते, “उघड्या जखमेला. बाकी कशाला नाही.”

“बोल आता,” बाबा म्हणाले. “काय घातलंस यात?”

“गुळाचा पाक.”

“आणि?”

“लसूण... ठेचून.”

“आणि?”

“पाणी. थोडंच.”

बाबांनी बरणी खाली ठेवली. आदळली नाही. यदुनाथला वाटलं, आदळली असती तर बरं झालं असतं.

“लोक फार यायला लागले, बाबा,” तो घाईघाईनं म्हणाला. “रोज रांग. मध पुरेना. मठातून कुणी रिकाम्या हाती जाऊ नये, ही आपली रीत. म्हणून वाढवला. प्रत्येकाला चमचाभर.”

“जखमा होत्या सगळ्यांना?”

“...नाही.”

“मग?”

“कुणाला खोकला. कुणाला ताप. कुणाचं पोट बिघडलेलं.”

“आणि?”

यदुनाथनं मान खाली घातली. “एकाचा मुलगा परीक्षेला बसणार होता.”

दुसरी वेळ असती तर बाबा खो खो हसले असते. आज त्यांच्या कपाळावरची शीर तटतटली. ते उठले आणि सगुणापाशी जाऊन बसले.

सगुणा खालच्या वाडीतली. गवत कापताना बाभळीचा काटा तळव्यात मोडला, तेवढंच निमित्त. बाबांनी फडकं सोडलं. तळवा काळा पडला होता, सूज घोट्याच्या वर चढली होती आणि लसणानं भाजून आजूबाजूचं कातडंही सोललं होतं. बाबांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. चटका बसला.

“कधीपासून ताप आहे, माय?”

“काल सांजंपासून. लई ठणकतंय बाबा.” ती कशीबशी बोलली. “पन त्यांला रागे भरू नका. येक दिस चुकले न्हाईत. रोज धुतलं, रोज लावलं. खायाला बी दिलं.”

बाबांनी मान वळवली. “खायला?”

“आतूनही बळ यावं म्हणून,” यदुनाथ पुटपुटला.

“हिला शुगर आहे. ठाऊक होतं तुला?”

“...होतं.”

“आणि गुळाचा पाक चारलास!”

शेजारच्या पिंपळावरचे कावळे उडाले, इतका तो आवाज मोठा होता. मठातल्या सात वर्षांत बाबा असे ओरडलेले यदुनाथनं ऐकले नव्हते. त्याचाही तोल गेला. अपमान झाला की माणसाला आधी राग येतो, समज नंतर.

“मग काय करायला हवं होतं मी?” तोही ओरडला. “दवाखान्यात पाठवायचं होतं? तिथं काय आहे? मेलेली औषधं! माझा बाप त्याच औषधांवर गेला, बाबा. लघवीच्या जागी साधा संसर्ग. एक औषध दिलं, लागू पडलं नाही. दुसरं दिलं, लागू पडलं नाही. डॉक्टर म्हणाले, याचे जंतू कशालाच दाद देत नाहीत. पडून पडून गेला माझ्यासमोर. औषधांच्या दुकानाचा मालक औषधावाचून मेला!”

“कशी चालायची रे त्याची दुकानदारी?”

“म्हणजे?”

“लोक येत, तेव्हा काय करायचा तो?”

“काय करणार? देत होता औषध. दयाळू माणूस. चिठ्ठी नसली तरी अडवायचा नाही. कुणी शिंकलं तरी पाकिटातल्या दोन गोळ्या कापून द्यायचा. म्हणायचा, बिचारा एवढा लांबून आलाय, त्याला रिकाम्या...”

यदुनाथनं जीभ चावली.

बाबांनी वाक्य पुरं करायला सांगितलं नाही. ते त्याच्याकडे नुसते पाहत राहिले. त्या पाहण्यात दया नव्हती.

“तो वेगळा, मी वेगळा,” यदुनाथ म्हणाला. आवाज आता तितका चढा नव्हता. “तो कारखान्याचं विष विकत होता. माझा मध आहे. देवाच्या झाडांचा, देवाच्या माश्यांचा. त्यानं कुणाचं वाईट होत नाही.”

“होत नाही?”

“नाही.”

“छातीवर हात ठेवून सांगतोस?”

“सांगतो.”

बाबा उठले. चुलीपाशी विळी होती. त्यांनी ती पायानं ओढली, खाली बसले आणि काही कळायच्या आत उजवा तळहात पात्यावरून ओढला.

“बाबा!”

रक्त मनगटावरून ओघळून शेणानं सारवलेल्या जमिनीवर टपटपलं. बाबांनी तळहात पुढे केला.

“लाव.”

“...काय?”

“तुझा मध. बरणी तिथं आहे. लाव.”

यदुनाथनं बरणी उचलली. त्याचा हात आत गेला. बोटांना फेस लागला. लसणाचा, गुळाचा, नासल्याचा वास नाकात भरला.

हात बरणीतच राहिला.

“लाव म्हणतो ना!”

“नको, बाबा.”

“का? देवाच्या माश्यांचा ना?”

“नको...”

“रोज लावत होतास. एक दिवस चुकला नाहीस. आजच का हात आखडला?”

यदुनाथला रडू फुटलं. ते पश्चात्तापाचं नव्हतं, निदान तेव्हा तरी. ते रागाचं होतं: बाबांवरचा, बापावरचा, त्या रांगेवरचा. चमचाभर मध घेऊन पाया पडणाऱ्या माणसांवरचा, आणि ते पाया पडले की आपल्याला बरं वाटायचं, त्या बरं वाटण्यावरचा. सगुणा कोपऱ्यातून टकमका पाहत होती. तिला काय कळलं कुणास ठाऊक. तिनं आपला पाय पदराखाली ओढून घेतला.

तेवढं मात्र यदुनाथला सोसवेना. त्यानं बरणी टाकली. तो तिच्यापाशी गेला आणि पहिल्यांदाच त्या पायाकडे वैद्याच्या नजरेनं नाही, साध्या माणसाच्या नजरेनं पाहिलं. मग घाबरला.

“बाबा, तुमचा खरा मध असेल ना कुठं? थोडा तरी? तुम्ही लावा. तुमच्या हातानं बरी होईल.”

“जखम वरवर असेल तर माझा मध बोलतो,” बाबा म्हणाले. “हे आत गेलंय. रक्तात गेलंय. आता माझा मध मुका.”

“मग?”

“खाली जीप उभी आहे. मला सोडून ड्रायव्हर चहाला थांबलाय. उचल हिला.”

“दवाखान्यात?”

“दवाखान्यात.”

“त्या... मेलेल्या औषधांकडे?”

“सगळी मेली नसतील. एखादं जिवंत असेल. पू तपासतील, शोधतील. तुला तेवढाही धीर नव्हता. उचल.”

यदुनाथनं सगुणाला पाठीवर घेतलं. ती तापानं फणफणत होती. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर कलंडलं. तिच्या वजनानं तो वाकला, पण पायरीवर थांबला नाही. बाबा मागून उतरत होते. कापलेला हात त्यांनी स्वतःच धुऊन त्याला फडकं गुंडाळलं होतं.

सगुणाला मागच्या बाकावर निजवलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन यदुनाथ बसला. बाबा खालीच उभे राहिले. जीप सुरू झाली. तेव्हा त्यानं खिडकीची कड घट्ट धरली आणि मान बाहेर काढली. मघापासून जे विचारायचा धीर झाला नव्हता, ते आता तोंडून निघालं.

“बाबा... तिथलंही काही लागू पडलं नाही तर?”

बाबांचा राग ओसरला नव्हता. चेहरा तसाच ताठ होता. ते जीपच्या जवळ आले.

“तर तिच्याजवळ बस,” ते म्हणाले, “आणि तिला काहीही देऊ नकोस.”