ग्रीलबाहेरची जास्वंद

झाडं अजून तोंडावर बोलायची, त्या काळची ही गोष्ट. नलिनीबाईंच्या गॅलरीतल्या कुंडीत एक जास्वंद होती. ग्रीलच्या मधल्या पट्टीवर तिचा शेंडा दिसला की बाई लगेच कात्री चालवायच्या. आणि जास्वंदीला कळी धरते ती नेमकी नव्या शेंड्यावर.

"देवाला एक फूल देत नाही मेली!" बाई एकदा कडाडल्या. "गणपती बसेपर्यंत बघते, नाहीतर उपटून टाकते."

जास्वंद कात्रीवर उसळली, "शेंडे तू कापायचे आणि वांझ मी ठरायचं?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच," कात्री म्हणाली. "किती आटोपशीर दिसतेस!"

"मग बाईंना म्हणावं, तो आटोपशीरपणाच वाहा गणपतीला!"

त्या दिवसापासून जास्वंदीने वर वाढणं सोडलं. सगळा संताप एका फांदीत ओतून ती गजांमधून बाहेर निघाली. चतुर्थीच्या सकाळी फांदीच्या टोकाला तळहाताएवढं लालभडक फूल उमललं. रस्त्यावरची माणसं माना वर करून बघू लागली.

नलिनीबाईंनी गजांतून खांद्यापर्यंत हात घातला, बोटं ताणली. फूल काही हाताला लागेना.

"पाणी आमचं पितेस आणि फुलतेस बाहेर?"

"आत फुलायला जागा कुठे ठेवली होती, बाई?" जास्वंद म्हणाली, आणि पुढची कळी तिने आणखी लांब धरली.