मातीत मुरलेलं पाणी

फार जुनी गोष्ट आहे. राजा कोण होता, राज्य कुठलं होतं, ते मला विचारू नका. सांगणारे विसरले, आणि विसरले ते बरंच झालं. राजांची नावं पाठ करून कुणाचा ताप उतरत नाही.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि गावात एक औषधशाळा होती. ती चालवायची एक वैद्यीणबाई. अंगानं ठेंगणी, आवाजानं खणखणीत. औषधाचं मोल ती कुणाकडून घेत नसे. मग शाळा चालायची कशी? अहो, गाव चालवायचं! तेली मालिशीला तेल आणून द्यायचा. कोष्टी जखमा बांधायला मऊ कापड द्यायचा. गवळणी दूध घालायच्या. कुणी काय दिलं याची दवंडी कधी पिटली गेली नाही.

एका वर्षी वादळात शाळेचं छप्पर उडालं. तेव्हा गढीवरच्या जहागीरदारानं नवी कौलं दिली, काढा उकळायला तांब्याचा मोठा हंडा दिला आणि रोग्यांसाठी एक शिसवी पलंग दिला. साऱ्या गावासमोर, अंगणात उभं राहून, त्यानं हातावरून पाणी सोडलं. पाणी सोडलं की त्या वस्तूवरचा हक्क सुटला, अशी त्या मुलखाची रीत होती. लोकांनी त्याला तोंडभरून दुवा दिला. खोटं कशाला बोलू, देणं मोठंच होतं.

पण मनातून काही सुटलं नव्हतं! ‘पलंग आमच्या घरच्यांसाठी राखून ठेवा,’ असा त्यानं मागाहून निरोप धाडला. वैद्यीणबाईनं निरोप ऐकला आणि ती खलबत्त्यात मुळ्या कुटत राहिली.

थोड्याच दिवसांत डोंगरात लाकडं तोडून मोळी विकणारी एक बाई कड्यावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. पदरात दोन लेकरं, घरात दुसरं कमावतं कुणी नाही. शाळेची जमीन ओलीगच्च होती. वैद्यीणबाईनं तिला सरळ शिसवी पलंगावर निजवलं, हाड बसवलं आणि बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या.

गढीवर खबर पोचली. जहागीरदार माणसं घेऊन तडक आला.

“माझ्या पलंगावर मोळीवाली? उतरवा तिला!”

“आता हलवली तर हाड सरकेल,” वैद्यीणबाई म्हणाली. “जन्माची लंगडी होईल. मग तिच्या लेकरांना तुम्ही जेवायला घालणार का?”

मोळीवाली रडकुंडीला आली. “बाई, मला खाली निजवा. माझ्यापायी भांडण नको.”

“तू गप पड! मांडी मोडलीय तुझी, पलंगाला काही झालेलं नाही.”

जहागीरदार लालबुंद झाला. “मग माझं दिलेलं सगळं परत घेतो.”

“घ्या की! पण आधी त्या दिवशी सोडलेलं पाणी उचला. हे बघा, इथंच पडलं होतं, या मातीत. थेंब न् थेंब ओंजळीत भरून दाखवा, मी स्वतः तुमचा पलंग डोक्यावर घेऊन गढीवर पोचवते.”

जमलेले लोक फिसकन हसले. त्या हसण्यानं तो आणखीच पिसाळला. त्याच्या हुकमानं माणसं छपरावर चढली, कौलं उतरवली, हंडा उचलला. पलंगापाशी मात्र त्याचा सगळ्यात दांडगा गडी जाऊन थांबला.

“धनी, माझी बायको इथंच बाळंत झाली. पोटात पोर आडवं होतं. या बाईनं दोघांना वाचवलं. मी याला हात लावणार नाही. चाकरी गेली तर गेली!”

बाकीचेही खाली मान घालून उभे राहिले. अशी जिरली त्याची! कौलं आणि हंडा घेऊन जहागीरदार पाय आपटत निघून गेला.

पण आभाळ भरून आलं होतं आणि रोग्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. तेव्हा तेलीण घरी गेली, शिडी लावली आणि आपल्या छपराचं एक कौल काढून घेऊन आली. तिच्यामागून कोष्टी आला, गवळणी आल्या, घराघरातून माणसं आली. लाल कौलं, काळी कौलं, टवका उडालेली कौलं. संध्याकाळपर्यंत शाळा शाकारून झाली. पाऊस कोसळला तेव्हा गावातलं प्रत्येक घर एकेका जागी गळलं आणि लोकांनी हसत त्याखाली भांडी मांडली. मोळीवालीच्या अंगावर थेंब पडला नाही. तिचं हाड सरळ जुळलं. ती स्वतःच्या पायांनी चालत लेकरांकडे गेली.

पुढं जहागीरदार घोड्यावरून पडला. त्याचीही मांडीच मोडली. गढीत कौलांचा ढीग होता, हंडा होता, पण हाड बसवणारं कुणी नव्हतं. त्यानं बोलावणं धाडलं. वैद्यीणबाईनं उलट निरोप दिला, “इथं तापानं फणफणलेली माणसं टाकून मी येणार नाही. त्यांनाच घेऊन या.”

तसा तो आला. त्या दिवशी पलंग मोकळा होता, त्याला तिथंच निजवलं. वर ती रंगीबेरंगी कौलं बघत तो पडून राही.

एकदा त्यानं विचारलं, “यातलं कुणाचं कौल कुठलं?”

“कुणाला ठाऊक? पावसालाही कळत नाही.”

त्याचं हाड जुळत आलं होतं, तेव्हा कुंभाराची लेक भट्टीपाशी भाजून आली. जहागीरदार आपणहून उठला, काठी टेकत खाली उतरला आणि घोंगडीवर बसला.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “पाणी आणा. या पलंगावरचा हक्क मी पुन्हा सोडतो.”

वैद्यीणबाईनं पाण्याचा गडू त्याच्या हातात दिला. “सांडू नका ते. पोरीला तहान लागलीय, तिला पाजा.”

त्यानं गडू पोरीच्या ओठांना लावला.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: दान दिलं की ते दुखणाऱ्याचं झालं, त्यावर हक्क सांगायला पुन्हा येऊ नये.