चौदा महिने उघडा फोन

“मग दोष कुणाचा, भंतेजी? माझा?”

वकील तक्षशिला खोब्रागडे उभ्यानेच विचारत होती. वंदन करायचंही ती विसरली होती. कॉलेजात असल्यापासून ती या टेकडीवरच्या विहारात येत होती. भंतेजींच्या समोर बसून तिने कायद्याची पुस्तकं वाचली होती. पण आल्या आल्या आवाज चढवण्याची ही पहिलीच वेळ.

भंते विनयकीर्ती जेवायला बसत होते. त्यांच्यासमोर भिक्षापात्र होतं. गावातून आलेला भात, वरण, वांग्याची भाजी. अकरा वाजून गेले होते. बाराच्या आत जेवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्यावर राहायचं, हा त्यांचा नेम सगळ्या गावाला ठाऊक होता.

“बस,” ते म्हणाले.

ती बसली नाही.

राग यावा असंच घडलं होतं. रोशनी नावाची चोवीस वर्षांची मुलगी नवऱ्याचा मार खाऊन तक्षशिलाकडे आली होती. तक्षशिलाने तिची केस घेतली, कोर्टातून संरक्षणाचा आदेश मिळवला. अशा केसेसमध्ये ती आजवर हरली नव्हती, आणि हे ती लोकांना सांगतही असे. रोशनीला लपवून ठेवायची सोय मात्र भंतेजींनी केली. भागरथाबाईंच्या घरी.

भागरथाबाई म्हणजे भंतेजींची थोरली बहीण. भिक्षूचं चीवर अंगावर घेतलं की नाती सुटतात, असं म्हणतात. पण आई गेल्यावर याच बहिणीने त्यांना वाढवलं होतं.

रोशनी त्या घरात आहे, हे त्या घराबाहेर फक्त भंतेजींना आणि तक्षशिलाला माहीत होतं. आणि तक्षशिलाच्या फोनमध्ये लिहिलेलं होतं.

आठ दिवसांपूर्वी रोशनीचा नवरा दोन माणसं घेऊन नेमका त्याच दारात उभा राहिला. ना शोधाशोध, ना विचारपूस. एकाहत्तर वर्षांच्या भागरथाबाई दारात आडव्या झाल्या. तेवढ्या वेळात रोशनी मागच्या भिंतीवरून उडी टाकून निसटली. भागरथाबाईंचं मनगट काठीने मोडलं. त्या अजून दवाखान्यातच होत्या.

“मी कसलीही लिंक दाबली नाही,” तक्षशिला म्हणाली. “कुणाला ओटीपी दिला नाही. माझ्या फोनला नवराही हात लावत नाही. अनोळखी नंबरवरून एक फोटो आला होता, तो मी उघडलासुद्धा नाही!”

“मग?”

“सायबर पोलीस म्हणतात, तुम्ही उघडला नाही, पण फोनने आपणहून आत उघडून पाहिला. त्या फोटोत दडून काहीतरी आत शिरलं. त्या नालायकाने कुणाकडून तरी ते विकत घेतलं होतं. माझे मेसेज, माझ्या नोंदी, सगळं तो घरी बसून वाचत होता. फोनमध्येच भोक होतं, भंतेजी! आणि दोष माझा?”

“ते भोक कंपनीने बुजवलं होतं का?”

तिने खिडकीकडे पाहिलं.

“तक्षशिला.”

“बुजवलं होतं... वर्षापूर्वी.”

“मग तुझ्याकडे उघडं कसं राहिलं?”

“अपडेट केला नव्हता म्हणे मी. पोलिसाने तारीख दाखवली. चौदा महिने.” मग एकदम उसळून म्हणाली, “कोर्टात उभी असते मी! वीस-पंचवीस मिनिटं फोन बंद पडतो त्याला. तेवढ्यात एखादीचा फोन आला तर? कुणी तिच्या अंगावर रॉकेल ओतत असेल, आणि माझा फोन बंद?”

“खरं आहे,” भंतेजी म्हणाले. “चौदा महिन्यांत एकदाही झोपली नाहीस का?”

तिने फोन या हातातून त्या हातात घेतला.

“अंघोळ?”

“लोक म्हणतात, अपडेट केला की फोन हळू होतो...”

“कोणते लोक?”



भंतेजींनी उजवा हात पुढे केला. “दे. फोन दे.”

तिने फोन छातीशी धरला. विचार करून नाही, आपोआप. “नाही, भंतेजी. यात बायकांची नावं आहेत, पत्ते आहेत. हा मी कुणाच्याच हातात देत नाही.”

हात तसाच पुढे होता.

“चौदा महिने सगळ्यांच्या हातात होता,” ते म्हणाले. “एकट्या माझ्याच हाताचा विटाळ?”

आता ती बसली. 

“पोलिसांनी तो सगळा पुसून परत दिलाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “चार दिवस झाले. आत शिरलेलं काढून टाकलंय त्यांनी. नावं, पत्ते, फोटो, सगळं मी लॅपटॉपवरून परत भरलं. काम थांबवता येत नाही ना...”

“भोक बुजवलंस?”

नेमका त्याच वेळी फोन थरथरला. तिने सवयीने पाहिलं. पडद्यावर नेहमीची ओळ होती. नवीन सुरक्षा अपडेट उपलब्ध आहे. खाली दोन चौकटी, ‘आता इन्स्टॉल करा’ आणि ‘नंतर’.

तिचा अंगठा ‘नंतर’वर पडला. पडला, आणि मग तिला कळलं.

भंतेजींनीही पाहिलं होतं.

“काहून दाबलं?”

ते ओरडले. विहारात त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या अभ्यासिकेतल्या मुलींची कुजबुज बंद पडली.

“काहून दाबलं, बाई? माझ्यासमोर? तिचा हात प्लास्टरमध्ये आहे अन् तू पुन्हा तेच दाबते?”

“मी मुद्दाम नाही... हात आपोआप गेला...”

“तेच तर!”

तक्षशिलाच्या कानशिलांवर रक्त चढलं. कोर्टात न्यायाधीशांनीही तिला असं झापलं नव्हतं. “तुम्ही रागावलात, भंतेजी. आम्हाला तर राग सोडायला शिकवता.”

“रागावलो नाही म्हटलं तर खोटं होईल. राग आला हे एक चुकलंय, त्यावर खोटं बोलून शील कशाला मोडू?”

असं म्हणून त्यांनी भिक्षापात्रावर झाकण ठेवलं.

“हे होईपर्यंत मी जेवणार नाही. चल. सेटिंग्ज उघड.”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून अठरा मिनिटं.

“भंतेजी, आधी जेवून घ्या. हे काय पळून...”

पुढचं तिने गिळलं.

चीवर घेण्याआधी भंतेजींनी बावीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती. खांबांवर चढून, पावसात तारा जोडून. फोनला हात न लावता, लांबूनच ते सांगत गेले.

“खाली जा. ‘सिस्टम’ दिसतं? त्याच्या आत ‘सॉफ्टवेअर अपडेट’. काही फोनांत ते बाहेरच असतं, काहींत ‘फोनविषयी’च्या आत. सापडलं नाही तर वर शोधायच्या जागेत ‘अपडेट’ लिही.”

“सापडलं.”

“चार्जिंग किती आहे?”

“एकतीस.”

“चार्जर लाव. काम चालू असताना अर्ध्यात फोन मेला, तर फोनही जाईल आणि तूही रडशील. अभ्यासिकेचं वायफाय घे. आतलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवलंयस?”

“हो. लॅपटॉपवर बॅकअप आहे.”

“मग ‘डाउनलोड’ दाब.”

तिने दाबलं. फोन म्हणाला, जागा अपुरी आहे.

तिने दात-ओठ खाल्ले. मग बसल्या बसल्या पुसायला सुरुवात केली. शुभ सकाळचे गुलाब, नातेवाइकांच्या लग्नातले नाच, कुणाच्या तरी कुत्र्याचे व्हिडिओ. शेकडो. यातला एकही तिने दुसऱ्यांदा पाहिला नव्हता. रोशनीचा पत्ता या सगळ्या कचऱ्याच्या शेजारी पडून होता, या विचाराने तिला स्वतःचीच किळस आली.

जागा झाली. निळी रेघ सरकू लागली. मुंगीच्या पावलांनी.

साडेअकरा. पावणेबारा.

“जेवा ना,” ती म्हणाली. “चालू झालंय आता. माझ्यावरचा राग अन्नावर कशाला काढता?”

भंतेजी भिंतीला पाठ लावून बसले होते. डोळे उघडे.

“हा सूड आहे तुमचा. माझ्यावर.”

“असेल,” ते म्हणाले.

...

अकरा पन्नासला रेघ पूर्ण झाली. ‘आता रीस्टार्ट करा.’ तिने लगेच दाबलं. पडदा काळा झाला, मग त्यावर कंपनीची खूण आली, आणि फोन तिच्या हातात नुसता दगड होऊन बसला.

एवढी वर्षं ज्या वेळेला ती भ्यायली होती, ती वेळ ही. आत्ता कुणी हाक मारली तर आपण नाही. तिला चारगाव, मोहाडी, पवनी, कुठल्या कुठल्या घरातल्या बायका आठवल्या. एकेकीचा चेहरा. त्यातल्या प्रत्येकीचं नाव चौदा महिने वाऱ्यावर होतं. तिने हाक ऐकायला फोन चालू ठेवला होता, आणि त्याच फोनमधून बायकांच्या दाराची वाट कुणीतरी वाचत होतं.

तिचा राग कंपनीपासून निघाला होता. तो रोशनीच्या नवऱ्याकडे गेला, भंतेजींकडे गेला, आणि फिरून तिच्याकडे येऊन बसला. तिथून त्याला पुढे जायला जागा नव्हती.

घड्याळात बारा वाजले.

भंतेजी उठले. झाकण न काढता त्यांनी पात्र उचललं आणि अभ्यासिकेच्या दारात नेऊन ठेवलं. “पोरींनो, वाटून खा,” एवढंच म्हणाले. परत येऊन पाण्याचा पेला रिकामा केला आणि पुन्हा भिंतीला टेकले.

बारा वाजून अकरा मिनिटांनी फोन जिवंत झाला. कुणाचाही निरोप आलेला नव्हता.

“झालं,” ती म्हणाली. 

“पुन्हा बघ. एवढे दिवस तुंबलेलं एका दमात येत नाही.”

तिने पुन्हा त्याच जागी जाऊन पाहिलं. आणखी एक अपडेट होता. तोही घेतला. मग भंतेजींच्या सांगण्यावरून अ‍ॅपच्या दुकानात जाऊन सगळ्या अ‍ॅपचे अपडेट घेतले, कारण ते वेगळे असतात. सगळ्यात शेवटी, फोन चार्जिंगला असताना रात्री आपोआप अपडेट व्हावा, ती कळ चालू केली. एवढी साधी कळ. चौदा महिन्यांपूर्वी ती दाबायला दोन सेकंद लागले असते.

एक वाजून गेला होता. राग अजून उतरला नव्हता, फक्त त्याची धग आत गेली होती.

“तुमचा दाखवा,” ती एकदम म्हणाली.

“काय?”

“फोन. माझा पाहिलात ना? आता तुमचा.”

भंतेजींनी झोळीतून आपला जुना फोन काढला आणि तिच्या हातात दिला. जराही न थांबता. कोपऱ्यात तडा गेलेला फोन.

ती आता शिकलेल्या वाटेने गेली. सेटिंग्ज. सिस्टम. अपडेट. हिरवी खूण आली. तुमचा फोन अद्ययावत आहे. पण खाली शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख होती. तिने ती दोनदा वाचली.

“भंतेजी, ही तर पाच वर्षांपूर्वीची!”

“हो.”

“आणि वर म्हणतोय, अद्ययावत आहे?”

“कंपनीने त्याला सोडून दिलंय. नवीन काही पाठवतच नाही. मग त्याच्या हिशेबी सगळं आलेलंच आहे.”

“म्हणजे मेलाय हा. माझ्यापेक्षा वाईट! आणि मला ओरडता?”

“आत बघ.”

तिने नावांची यादी उघडली. एकही नाव नव्हतं. मेसेज उघडले. कोरे. फोटो नाहीत, नोंदी नाहीत. कुणाच्या मयतीला, कुणाच्या लग्नाला बोलवायला गाव फोन करी, तेवढाच त्याचा उपयोग.

ती त्या रिकाम्या यादीकडे पाहत राहिली...

रोशनी भिंतीवरून उडी टाकून पळाली, त्याला आठ दिवस झाले होते. त्या दिवसापासून तक्षशिलाला तिचा ठावठिकाणा नव्हता. त्या मुलीने एका बाईकरवी भंतेजींना एवढाच निरोप पाठवला होता की, मी कुठे आहे ते वकीलताईंना सांगू नका. तो निरोप कानावर आल्यापासून तक्षशिलाच्या छातीत काट्यासारखा रुतला होता. टेकडी चढताना ती ‘भांडायला आलेय’ असं स्वतःला सांगत होती, पण आली होती ती रोशनीसाठी.

तिने भंतेजींचा फोन त्यांना परत दिला. मग आपला फोन बंद केला. उठून बाहेर गेली, तो पायरीवर चपलेशेजारी ठेवला, आणि रिकाम्या हातांनी आत आली. या वेळी तिने वाकून पंचांग वंदन केलं.

“माझं चुकलं, भंतेजी.”

त्यांनी आपला फोन झोळीत टाकला.

“भागरथाबाईंकडे मी आजच जाते. त्यांचा फोनही बघते. आमच्या महिला मदत केंद्रातल्या सगळ्याजणींचे बघते.”

“जा.”

ती उठली नाही. दारात कुणी नाही ना, हे तिने मागे वळून पाहिलं. मग पुढे सरकून, कुजबुजत विचारलं,

“आता तर माझ्या हातात काहीच नाही, भंतेजी... आता सांगा. रोशनी कुठे आहे?”

भंतेजींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतला राग पुन्हा भडकला.

“सुखरूप आहे,” ते म्हणाले. “याच्यापुढचं तुला कशाला हवंय?”